शून्याची दीडपट

अकोला,
१२ जानेवारी १९६१

सूर्यभानराव यांस,
सप्रेम जय भीम.

तुम्हाला अमरावतीच्या कचेरीत मोठ्या साहेबांच्या खोलीत टेबल मिळालं, हे तुमच्या पत्रातून कळलं असतं तर बरं वाटलं असतं. कळलं मामाजींकडून. ते परवा धामणगावहून आले आणि चपला काढायच्या आधीच म्हणाले, "मोतीराम, सूर्यभानले साहेबानं आपल्या खोलीत टेबल देल्लं. वरतं पंखा हाय." चहा होईपर्यंत तो पंखा फिरत होता, आणि जेवणं होईपर्यंत टेबल वाढत वाढत भिंतीला टेकलं. आपल्या थोरल्या जावयाला नळखात्यात किती वर्षं झाली, हे कोणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. कोणी विचारलंही नाही.

हात धुताना त्यांनी दुसरी बातमी दिली. तुमच्याकडे जयवंताच्या अंगणात नळ आला. तोटी फिरवली की पाणी. पंचफुला तव्यासमोर बसली होती, आणि धाकट्या बहिणीच्या नळाचं ऐकता ऐकता त्या रात्रीची भाकरी एका बाजूनं करपली. मी मुकाट्यानं खाल्ली. मलाही तोंडात दुसरी चव नव्हतीच.

असो. अभिनंदन. मनापासून लिहितो आहे, अक्षर वाकडं आलं असेल तर दौतीत शाई कमी आहे असं समजा.

आता कामाचं. अकोल्याच्या नव्या नळयोजनेचा हिशेब तुमच्या टेबलावर होणार आणि मोजणी मी करणार, असं वरून ठरलं आहे. दोघे साडू एकाच कामावर, पैकी ऊन थोरल्याच्या वाट्याला आणि पंखा धाकट्याच्या. गल्लोगल्ली फिरून घरं, माणसं, घरातले खासगी नळ, रस्त्यावरचे सार्वजनिक नळ, सगळं मोजलं. तक्ते सोबत आहेत. चूक सापडणार नाही. सापडलीच तर साहेबांना दाखवण्याआधी मला दाखवा, तेवढं नातं अजून उरलं असेल.

आपला,
मोतीराम सिरसाट

⁂

अमरावती,
२० जानेवारी १९६१

आदरणीय मोतीरामदादा यांस,
सप्रेम जय भीम.

तक्ते मिळाले. साहेबांनी चाळले आणि म्हणाले, हा माणूस खरोखर चाललेला दिसतो. टेबलाचं मी कळवायला हवं होतं, पण स्वतःच्या टेबलाबद्दल पत्र कसं लिहायचं ते कळेना. पंखा आहे, पण तो साहेबांच्या डोक्यावर आहे. माझ्याकडे फक्त कागद उडतात.

काम कसं चाललं आहे ते सांगतो. एक मोठा कागद पसरून त्यावर अख्ख्या अकोल्यातल्या पाइपांचं जाळं काढलं आहे. प्रत्येक चौकाला एक ठिपका. गावातली एकेक तोटी कागदावर मावणार नाही, म्हणून आजूबाजूच्या गल्ल्यांतली सगळी घरं त्या चौकाच्या ठिपक्यावर गोळा करायची. घरात नळ असेल तर माणशी वीस गॅलन, सार्वजनिक नळावर भरणारा असेल तर माणशी पाच. बेरीज येईल ती त्या ठिपक्याची मागणी. मग प्रत्येक पाइपातून किती पाणी जाईल हे आधी अंदाजानं मांडायचं आणि चूक काढत काढत गोल फिरायचं. एक चौक जुळला की शेजारचा बिघडतो. सध्या मी झोपेतही बेरजा करतो असं जयवंता म्हणते.

एक विचारायचं आहे. रेल्वे फाटकापलीकडच्या तुमच्या वस्तीच्या तक्त्यात खासगी नळांचा रकाना कोरा आहे. तिथे किती मांडू? नीट विचार करून लिहा, कारण तुम्ही लिहाल त्यावर तिथल्या पाइपाची जाडी ठरणार आहे.

अंगणात पाणी भरताना जयवंता रोज पंचफुलाताईंची आठवण काढते.

आपला,
सूर्यभान खंडारे

⁂

अकोला,
२७ जानेवारी १९६१

सूर्यभानराव,
जय भीम.

रकाना कोरा का, हे तुम्ही मला विचारता? दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस आमच्याकडे राहून गेलात. तुमच्या आंघोळीचं पाणी कुठून आलं ते तेव्हा विचारलं नाहीत. पंचफुलानं फाटकाजवळच्या सार्वजनिक नळावरून डोक्यावर पाण्यानं भरलेले गुंड आणले, तुम्ही दोन तांबे जास्तच घेतलेत. आमच्या वस्तीत एकाही घरात नळ नाही हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. ठाऊक असून "किती मांडू" असं विचारायचं, आणि खाली जयवंताच्या अंगणातल्या नळाची ओळ जोडायची. टोमणा मारायचा तर मामाजींसारखा तोंडावर मारावा, सरकारी तिकीट लावून कशाला?

तर घ्या. शून्य. सही-शिक्क्यासकट नवा तक्ता सोबत आहे.

मी स्वतःच्या वस्तीचा आकडा फुगवला तर इथल्या कचेरीत काय बोललं जाईल ते तुम्हाला तिथे ऐकू येणार नाही. "सिरसाटानं आपल्या लोकायचं पानी वाढवून घेतलं" असं मी पाठ वळवल्यावर म्हणतील. मोजलं तेच लिहिलं, तेच लिहीन.

आणि तुमच्या ठिपक्यांबद्दल. ठिपका फाटकाजवळ, आणि घरं वर टेकाडापर्यंत. ठिपक्यावर पाणी पोचलं म्हणजे माझ्या दाराशी पोचलं, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा भरला गुंड डोक्यावर घेऊन ते टेकाड चढून पाहावं.

मोतीराम सिरसाट

⁂

अमरावती,
६ फेब्रुवारी १९६१

आदरणीय दादा,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मी वाचलं, मग जयवंतानं वाचलं. तिनं माझ्या पत्राची नक्कल मागितली, तीही वाचली आणि म्हणाली, "तुमाले आकडे जमते, लिवणं नाई जमत." खरं आहे. टोमणा नव्हता दादा. ती खरोखर आठवण काढते.

टेकाडाचं तुमचं म्हणणं साहेबांनाही पटलं. तुमचं नाव सांगूनच मी ते त्यांच्यापुढे ठेवलं. वस्तीच्या वरच्या टोकाला आता वेगळा ठिपका काढला आहे. पण त्यावर मांडू काय?

नियम असा आहे. पाइप टाकायचा तो पुढच्या तीस वर्षांसाठी, म्हणून आज जितके खासगी नळ आहेत त्यांची दीडपट धरायची. बाजारपेठेच्या चौकात दोनशेचे तीनशे होतात. तुमच्या शून्याची दीडपट शून्यच होते. म्हणजे तीस वर्षांनंतरही तुमच्या वस्तीत कोणी घरात नळ घेणार नाही, असं मी माझ्या हातानं कागदावर लिहितो आहे. मग तिकडे तीन इंची पाइप जाईल, रस्त्यावरच्या एका नळापुरता. उद्या एखाद्यानं घरासाठी नळ मागितला तर तुमचीच कचेरी त्याला म्हणेल, पाइपात पाणी नाही. आज नळ नाहीत म्हणून बारीक पाइप, आणि बारीक पाइप म्हणून पुढेही नळ नाहीत.

साहेबांनी यातून वाट काढली आहे. इथले लोक पुढे नळ घेणार आहेत असं मोजणी करणाऱ्यानं विचारपूस करून सहीनिशी कळवलं, तर ते घरातल्या नळाचा आकडा धरतील. ही सवलत सगळ्याच वस्त्यांना आहे, त्यामुळे तुमच्यावर कोणी बोट ठेवणार नाही. तेवढा तक्ता पाठवा. सहा इंची पाइप तुमच्या सहीवर अडला आहे.

आपला,
सूर्यभान

⁂

अकोला,
५ मार्च १९६१

जयवंताले पंचफुलाचा जय भीम.

मी बोलते तसंच लिवून राहिली. यायनंच मले पाटीवर अक्षरं शिकवले, पण शुद्ध लिवाचं शिकवाच्या आंधी यायले कटाळा आला.

तुया मालकाचं पत्र यायनं तीनदा वाचलं आन उशीखाली ठेवलं. महिना झाला, तठीच हाय. मी चादर झटकता झटकता वाचलं. इचारलं, जबाब काहून नाई देत? तर म्हणे, तुले काय समजते. मले सारं समजलं. शून्य समजाले काय मॅट्रिक व्हा लागते काय.

पयले खरं सांगते. मले तुया हेवा वाटते. बाबा तुया नळाचं बोलून गेले त्या दिवसापासून मले फाटकाजवळ रांगेत उभं राहवत नाई. लहानपणी तुले कडेवर घेऊन मी पाण्याले जाव. आता तू घरातल्या घरात तोटी फिरवते आन मी अजून टेकाड चढून राहिली. जीव जळते वो. परकी असती त इतका नसता जळला, पाठची बहीण हायेस म्हणून जास्त जळते. राग येऊ देऊ नको, पण खोटं काहून बोलू.

एक दिवस रांगेत बायायले तुया नळाचं सांगतलं. पायते त साऱ्यायचेच तोंडं उतरले. मले लय बरं वाटलं. नत्थुजीची बायको म्हणे, आपल्या अठी पाइप आला त मी उपाशी राहीन पण नळ घेईन. लीलाबाई म्हणे, हिनं घेतल्यावर मी काय हिच्या दारी पाणी मांगाले जाऊ? मी बी घेईन.

मंग मी दारोदारी गेली. नळ घेता का असं नाई इचारलं. तसं इचारलं त सारेच म्हणते, आपल्याले कुठी परवडते. मी इचारलं, शेजारणीनं घेतला त तू घेशील का? एक बी घर नाई म्हणे ना. एका म्हातारीले ऐकू येत नाई, तिनं बी मान हालवली.

तुया मालकाले हे वाचून दाखवजो. म्हणा, तुमची दीडपट बाजारवाल्यायले द्या. अठी एकीच्या दारात नळ आला का दुसरीले झोप येत नाई, आन दुसरीच्या आला का तिसरीले. म्हणून जितके घर तितके नळ मांडा. आन कागदावर कुठी हेव्याचा रकाना असन, त त्याच्यात पयलं नाव मायं लिवा.

यायले यातलं काई सांगू नको.

तुयी,
पंचफुला

⁂

अकोला,
१४ मार्च १९६१

सूर्यभानराव,

तुमच्या घरून पंचफुलाच्या नावानं आलेलं पाकीट पोस्टमननं ओळखीनं कचेरीतच माझ्या हातात दिलं. मी फोडलं. फोडायला नको होतं असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

जयवंता लिहिते की ताईचं पत्र तुम्ही साहेबांना वाचून दाखवलंत. साहेब आधी हसले आणि मग त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. छान झालं. माझ्या घरातली जळजळ आता साहेबांच्या टेबलापर्यंत पोचली. मोजणी बायकोनं करायची, हिशेब साडूनं करायचा, आणि मी खाली सही ठोकायची. शिपायालाही यापेक्षा जास्त विचारतात.

एक गोष्ट मनात ठेवणार होतो, पण राहवत नाही. त्या बाईला अक्षरं मी शिकवली. लग्न झाल्यावर रोज जेवणं आटोपली की हात धरून गिरवून घेतलं. नंतर मी महिनाभर मूर्तिजापूरला कामावर होतो. मुद्दाम पत्ता लिहिलेली कार्डं घरी ठेवून गेलो होतो. एक ओळ आली नाही. परत आलो तर कार्डं तशीच कोनाड्यात, आणि म्हणाली, "मले लाज वाटली." आता तिनं आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिलं, आणि ते तुमच्या घरी गेलं.

तुम्हाला टेबल मिळालं, अंगणात नळ मिळाला, मामाजींची जीभ तर केव्हाचीच मिळाली आहे. एवढ्यावर भागलं नाही. तिचं पहिलं पत्रही तुम्हालाच मिळालं.

सही देत नाही. शून्य लिहिलं आहे, शून्यच राहील.

मोतीराम सिरसाट

⁂

अमरावती,
१९ मार्च १९६१

आदरणीय दादा,
सप्रेम जय भीम.

ताईंचं पत्र साहेबांना दाखवायला नको होतं. घरची गोष्ट मी कचेरीत नेली. माझं चुकलं, माफ करा.

पण मामाजींबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून जयवंता हसून हसून ओसरीत बसली, म्हणून सांगणं भाग आहे. मामाजी इथे येतात तेव्हा पंख्याचा प सुद्धा काढत नाहीत. इथे सारखा मोतीराम चाललेला असतो. "मोतीराम अकोल्यात रस्त्यानं निघाला का मानसं खाटीवरून उठते. दाखला पाहिजे त मोतीराम, भांडन झालं त मोतीराम. तू बस अठी कागदावर टिपके काढत." मागच्या खेपेला तर त्यांनी माझं टेबल हलवून पाहिलं आणि म्हणाले, पाय डुगडुगते. आमच्या घरी आम्ही तुमचं नाव ऐकत भाकरी गिळतो दादा. मला वाटायचं तुमच्याकडेही तेच चालत असेल, स्वतःची स्तुती ऐकून तुम्ही मिशीतल्या मिशीत हसत असाल.

तेव्हा जळण्याचं म्हणाल तर मीही काही कमी जळलेलो नाही. अख्खं अकोला माझ्यासमोर पसरलं आहे, पण त्यातल्या एका दारातही मला कोणी "बसा" म्हणणार नाही. माझी सारी माणसं गॅलनात आहेत. ताईंचं पत्र वाचलं तेव्हा पहिल्यांदा एका ठिपक्यावर मला नत्थुजींची बायको दिसली, मान हलवणारी ती म्हातारी दिसली. तुम्हाला ती रोज दिसतात. तुम्ही माझ्या टेबलाचा हेवा करता याचं मला त्या वेळी खरोखर नवल वाटलं.

महिनाअखेर हे जाळं मुंबईला जाणार. एकदा गेलं की ठिपक्यावरचा आकडा कोणालाच बदलता येणार नाही, साहेबांनाही नाही. मला शिव्या द्या, मामाजींना द्या, माझ्या घरी जेवू नका. पण माझा राग पाइपावर काढू नका. त्या पाइपाच्या टोकाला मी राहत नाही.

आपला,
सूर्यभान

⁂

अकोला,
२६ मार्च १९६१

सूर्यभानराव,
जय भीम.

तक्ता सोबत आहे. सही केली आहे.

स्वतः मोजल्याशिवाय मी सही करत नाही, म्हणून पुन्हा सगळी वस्ती फिरलो. पहिल्याच दारात नत्थुजी म्हणाले, "हे त तुमच्या घरच्यायनं इचारून नेलं, तुमी काहून पुन्हा?" मी म्हटलं, सरकारी पद्धत असते. प्रत्येक घरी उत्तर तेच, आणि उलट प्रश्नही तोच, "तुमी घेता ना?" मी पुढच्या दाराकडे निघायचो.

मग वाटलं, आपल्याच वस्तीचं विचारलं तर जे बोलणार आहेत ते बोलतीलच. म्हणून नदीकडच्या दोन वस्त्यांतही गेलो. तिथेही माझ्याच अक्षरात शून्य होतं. तिथल्या बायकांनाही पंचफुलाचाच प्रश्न विचारला, शेजारणीनं घेतला तर तुम्ही घ्याल का. मी विचारल्यावर त्या पदर तोंडाशी नेऊन हसायच्या, आणि हसून झाल्यावर हो म्हणायच्या. हा प्रश्न मला सुचला नव्हता. इतकी वर्षं मी घरात काय आहे ते मोजत आलो, बाईच्या मनात काय आहे ते मोजायचं असतं हे खात्यात कोणी शिकवलं नाही. त्या दोन्ही वस्त्यांचे तक्तेही जोडले आहेत. आता कोणी काही म्हटलं तर उत्तर देता येईल.

मामाजींचं वाचून त्या दिवशी पोटभर जेवलो. टेबलाचे पाय खरंच डुगडुगतात का?

एक अट आहे. आमच्या वस्तीच्या तक्त्यात एक घर कमी दिसेल. ते माझं आहे. तुमच्या आकड्यावर आलेलं पाणी मला माझ्या घरात नको. बाकी सगळ्यांना द्या, माझं वगळा. थोरला साडू म्हणून एवढा मान राखा.

मोतीराम

⁂

अमरावती,
२९ मार्च १९६१

आदरणीय दादा,
सप्रेम जय भीम.

तिन्ही तक्ते वेळेवर मिळाले. जाळं आजच्या टपालानं गेलं. तुमच्या फाटकापासून टेकाडापर्यंत सहा इंची पाइप निघाला आहे.

तुमची अट मात्र पाळता आली नाही, राग मानू नका. ठिपक्यावर घरं वेगवेगळी नसतात दादा. सगळ्यांची मागणी एकदा गोळा झाली की तीत नत्थुजींची कोणती, लीलाबाईंची कोणती आणि तुमची कोणती, हे मलाच काय, मुंबईच्या साहेबांनाही सांगता येणार नाही. तुमचं घर वजा करून पाहिलं. पाइप काही बारीक झाला नाही. तुम्ही नळ घेतला नाहीत तरी तुमच्या वाट्याचं पाणी दारापर्यंत येणार आहे. आत घ्यायचं का नाही ते ताई ठरवतील.

टेबलाच्या पायाखाली मी कागदाची घडी घातली आहे.

आपला,
सूर्यभान

⁂

अकोला,
८ फेब्रुवारी १९६४

सूर्यभानराव यांस,
सप्रेम जय भीम.

मधल्या काळात आपली पत्रं झाली ती सगळी कचेरीची. हे घरचं आहे.

पाणी आलं. परवा सकाळी वस्तीचा पाइप पहिल्यांदा उघडला. आधी नुसती हवा फुसफुसली, मग तांबडं पाणी आलं, मग चांगलं. एकाही घरानं तोटी बंद केली नाही. दिवसभर बेतानं वापरायचे ते तुमचे वीस गॅलन इथे एका तासात भरून घेतले गेले, गुंड, बादल्या, परात, होतं नव्हतं ते सगळं. मी टेकाडावरच्या शेवटच्या घरापाशी उभा होतो. तिथेही मनगटाएवढी नाही पण बोटाएवढी धार शेवटपर्यंत होती. तुमचा हिशेब बरोबर निघाला. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

आमच्या घरीही नळ आहे. अर्ज मी केला नाही. पंचफुलानं केला, स्वतःच्या नावानं, स्वतःच्या अक्षरात, आणि रांगेत उभी राहून माझ्याच टेबलावर आणून ठेवला. सगळे कारकून पाहत होते. मी नाव विचारलं. तिनं सांगितलं. मंजूर केला.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितो आहे ते. काल संध्याकाळी वस्तीतल्या बायका आमच्या दाराशी जमल्या. मी आत बसलो होतो. लीलाबाई म्हणाल्या, "पंचफुलाबाई, तुमी दारोदारी फिरल्या म्हणून पानी आलं." बाकीच्याही तेच म्हणू लागल्या. खोटं सांगत नाही, तुमचा मी आजवर जितका केला त्याहून जास्त हेवा मला त्या घटकेला बायकोचा वाटला. उन्हात फिरलो मी, तक्ते माझे, सही माझी, आणि नाव तिचं. मी पायात चपला घालून मागच्या दारानं निघणारच होतो.

तेवढ्यात ती म्हणाली, "माया हाती काय होतं वो. यायनं सही केली म्हणून आलं. साऱ्या वस्तीसाठी भांडले ते." सगळ्या बायका आत वळून माझ्याकडे पाहू लागल्या. लीलाबाईंनी हात जोडले. शून्य कोणी लिहिलं होतं, आणि ते किती दिवस धरून ठेवलं होतं, हे पंचफुलाला पुरतं ठाऊक आहे. ठाऊक असून ती हे बोलली, आणि बोलताना माझ्याकडे पाहिलंही नाही. मी उठून खरं सांगायला हवं होतं. मी लीलाबाईंचा नमस्कार घेतला.

बायका गेल्यावरही मला तिच्याशी बोलता आलं नाही. वस्तीत हे कोणाला सांगण्याची माझी छाती नाही. राहिलात तुम्ही. त्या शून्याचा कागद तुमच्या हातात होता. खात्यात माझ्या बढतीच्या वेळी तुम्ही तो दाखवू शकला असतात, आणि तुम्ही तर घरातसुद्धा त्याची थट्टा केली नाहीत. तीन वर्षं मी वाट पाहिली की कोणाच्या तरी तोंडून तो आता बाहेर येईल. आला नाही.

तुमच्या जागी मी असतो तर बोललो असतो. पहिल्याच महिन्यात बोललो असतो. टेबलाचा, पंख्याचा हेवा केव्हाच सरला, सूर्यभानराव, पण तुमच्या या गप्प राहण्याचा वाटतो, आणि तो जाईल असं दिसत नाही.

तुमचा,
मोतीराम